म्हाताऱ्या विमानांचे मिस्त्री

वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत सर्व विषय येऊन जातात; परंतु एका युनियनवाल्याने विमानांवर बोलावे, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. मी वैमानिक नाही, इंजिनियरही नाही. दहावीनंतर शाळा सुटली, कारखान्यात फिटरचे काम शिकलो आणि पुढे कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यात उमेदीची वर्षे गेली. जे काही वाचन झाले, ते नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विमानाकडे फिटरच्या नजरेने पाहिले असता काय दिसते, एवढ्यापुरतेच माझे बोलणे आहे.

काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामासाठी इंग्लंडला जाण्याचा योग आला. परिषद आटोपली आणि रविवार मोकळा मिळाला. तिकडच्या एका कामगार बंधूने विचारले, "राजवाडा पाहणार की विमाने?" राजवाडे मी फोटोत पुष्कळ पाहिले होते. त्याने मला मोटारीत घालून लंडनच्या उत्तरेस बेडफर्डशायर परगण्यातील ओल्ड वॉर्डन या खेड्यात नेले.

तेथे विमानतळ म्हणजे चक्क गवताचे मैदान. आपल्याकडे कुस्त्यांच्या फडाला जमावीत तशी माणसे कडेने बसलेली. कोणी सतरंज्या अंथरल्या आहेत, कोणी डबे सोडले आहेत. रिचर्ड शटलवर्थ नावाच्या एका धनिक तरुणाला जुनी यंत्रे जमविण्याचा नाद होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, विमान अपघातात तो वारला. त्याच्या आईने १९४४ साली त्याच्या नावे न्यास स्थापला आणि तोच हा संग्रह आज चालवितो. येथला नेम असा, की संग्रहातली विमाने होता होईल तो उडती ठेवावयाची. काचेच्या कपाटातील विमान आणि उडते विमान यांत पेंढा भरलेल्या वाघात आणि जिवंत वाघात असतो तितका फरक आहे.

त्या दिवशी सर्वांच्या नजरा एका ब्लेरिओ विमानावर होत्या. लुई ब्लेरिओ या फ्रेंच गृहस्थाने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी ज्या जातीच्या विमानातून ओलांडली, त्याच जातीचे आणि त्याच वर्षी बनलेले हे विमान. लाकडाचा सांगाडा, वर कापड, सगळीकडे ताणलेल्या तारा. इंजिन तीन सिलिंडरांचे, शक्ती सुमारे २५ घोड्यांची. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या दमदार मोटारसायकलीइतकी. विमान एका अंगाला झुकले तर सावरावयाचे कसे? आजच्या विमानाच्या पंखांना मागे हलत्या पट्ट्या असतात. यात त्या नाहीत. वैमानिक तारा ओढून अख्खा पंखच पिळतो, धुणे पिळावे तसा. असले विमान वाऱ्यात सोडणे म्हणजे पतंगावर बसणे होय.

विमान शेडबाहेर आणून ठेवले होते. वैमानिक शिरस्त्राण हातात घेऊन उभा होता. तेवढ्यात डगला घातलेला, खिशात फडके खोचलेला एक पांढऱ्या केसांचा मिस्त्री पुढे आला. त्याने चार गवताच्या काड्या खुडल्या, हात उंच करून सोडल्या, त्या कुठे जातात ते पाहिले आणि नुसती मान हलविली. वैमानिक एक अक्षर न बोलता माघारी वळला. तिकीट काढून आलेल्या लोकांनीही हू की चू केले नाही. माझ्या सोबत्याला यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र ती हललेली मान कार्यक्रमातल्या साऱ्या कोलांट्यांपेक्षा अधिक लक्षात राहिली. ती का, ते पुढे येईलच.

दरम्यान बाकीची विमाने उडू लागली. पहिल्या महायुद्धातले सॉपविथ पप जवळून गेले आणि नाकाला ओळखीचा वास आला. एरंडेलाचा! मौज अशी, की या विमानाच्या इंजिनाचा मधला दांडा सांगाड्याला पक्का बांधलेला असतो आणि सिलिंडरच पंख्यासकट गरगर फिरतात. हेतू हा, की फिरताना त्यांना वारा लागून ती थंड राहावीत. या रचनेत पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच वर जाते. साधे वंगण पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन निघते. एरंडेल विरघळत नाही. म्हणून एरंडेल. पण ते एकदा वापरले की परत गोळा होत नाही, जळून आणि फवारून बाहेर पडते, मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर. ते पोटात गेल्यावर काय होत असे, हे मराठी श्रोत्याला सांगावयास नको. शिवाय वेग कमीजास्त करण्याची सोयही बेताचीच. वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडतो, सोडतो, पुन्हा तोडतो. त्यामुळे उतरताना ते विमान ठसका लागल्यासारखे खोकत येते. इंजिन हाताळण्याची ही तऱ्हा आज कोणत्याही वैमानिकी शाळेच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात नाही. एकाने दुसऱ्याला शिकविली तरच ती टिकते.

त्यामागून एस.ई. ५ ए जातीचे लढाऊ विमान आले. याच जातीच्या विमानातून कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय या १९ वर्षांच्या तरुणाने जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत शत्रूची १० विमाने पाडली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो स्वतः पडला. संग्रहातले विमान अर्थात त्याचे नव्हे; परंतु तेही त्या युद्धात लढलेले आहे. युद्धानंतर आकाशात धुराने जाहिराती लिहिण्याचे काम त्याच्या नशिबी आले. शेजारचे हॉकर हाइंड हे तर अफगाणिस्तानच्या हवाई दलातले. १९७० साली ते काबूलहून खुष्कीच्या मार्गाने आणले गेले.

पुढे प्रवासी विमानांची पाळी आली. ड्रॅगन रॅपिड हे १९३४ सालचे लाकडी, दुपंखी, आठ उतारूंचे विमान डौलात दोन फेऱ्या मारून गेले. आणि मग पाहुणे म्हणून आले ते डकोटा. आवाज ऐकूनच आसपासची वृद्ध मंडळी उभी राहिली.

डकोटाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण त्याचा आपला ऋणानुबंध आहे. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चे. महायुद्धात ही विमाने दहा हजारांवर बनली आणि युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली गेली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला आपले सैनिक उतरले ते डकोटांतून. १९४९ साली रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून विमाने रात्री निघत, नागपूरला एकत्र येत, थैल्या आणि उतारू यांची अदलाबदल होई आणि सकाळच्या आत ती आपापल्या गावी परतत. १९५३ साली खासगी कंपन्या एकत्र करून सरकारी महामंडळ झाले, तेव्हा त्याच्या वाट्याला आलेल्या विमानांत बहुसंख्या डकोटांचीच होती.

हे विमान इतके दीर्घायुषी का? नव्वद वर्षांपूर्वीच्या आराखड्याची डकोटा आजही उडते, आणि त्यानंतर आलेली जेट विमाने मात्र भंगारात जातात, हे कोडे नव्हे काय? याचे उत्तर पोटातल्या हवेत आहे. डकोटा फार उंच जात नाही, म्हणून तिच्या आत हवा कोंडून दाब वाढवावा लागत नाही. जेट विमान उंच विरळ हवेत जाते. आत हवा भरावी लागते. म्हणजे प्रत्येक उड्डाणात त्याचे अंग फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरल्यावर आकसते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, वीस वेळा मागेपुढे वाकवली की तुटते. धातूही थकतो. १९५२ साली जगातले पहिले प्रवासी जेट, कॉमेट, मोठ्या दिमाखात सुरू झाले. १९५४ च्या जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरे, अशी दोन कॉमेट हवेतच फुटून भूमध्य समुद्रात पडली. इंग्रजांनी एक कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत बुडवून, आत पाण्याचा दाब पुन्हापुन्हा देऊन पाहिला, तेव्हा ते तड्यातून उकलले. डकोटाला ही व्याधी नाही. तिचे दुखणे म्हणजे गंज, झीज आणि तेलगळती. ही सारी डोळ्यांना दिसणारी आणि बोटाला लागणारी.

दिसणारी खरी, पण कोणाला? पाहणाराही लागतो. येथे मला आपल्याच मिस्त्र्यांची गोष्ट सांगावीशी वाटते. महायुद्धानंतर कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर जातीची चार इंजिनी बाँबफेकी विमाने ढिगाने टाकून दिलेली होती. कोणी पुन्हा उडवू नयेत म्हणून ती मुद्दाम मोडलेली होती. १९४८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी एकाचा पंख, दुसऱ्याचे चाक असे जुळवून त्यांपैकी चाळीसच्या आसपास विमाने उभी केली, ती कानपूरहून उडवीत बंगळूरला नेली आणि तेथे नीट दुरुस्त केली. आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पुढे परदेशांतील संग्रहालये लिबरेटर शोधू लागली, तेव्हा त्यांना ती भारतात मिळाली. त्यांतले एक तर अमेरिकेत पुन्हा उडते झाले. ज्या मिस्त्र्यांनी ती कानपूरच्या उकिरड्यातून उचलली, त्यांची नावे त्या संग्रहालयांच्या पाट्यांवर असतील, अशी मला तरी आशा नाही.

याच्या उलट गोष्ट व्हल्कनची. व्हल्कन हे ब्रिटनचे प्रचंड त्रिकोणी जेट बाँबफेकी. लोकांनी वर्गणी काढून त्यातले एक २००७ साली पुन्हा उडविले. लाखो लोक ते पाहावयास लोटले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते कायमचे उतरले. पैसा हे त्याचे मुख्य कारण नव्हते. त्या विमानाची हमी घेणाऱ्या तीन कंपन्यांनी कळविले की, यापुढे आम्हांला हमी देता येणार नाही. कारण त्या काळची विद्या अंगी मुरलेली माणसे निवृत्त होत चालली आहेत. कागद होते, नकाशे होते. त्यांचा अर्थ हाताने जाणणारी माणसे संपत आली होती.

हे वाचले तेव्हा मला आमच्या भागातल्या एका कारखान्याची आठवण झाली. तेथे एक जुने जर्मन बोरिंग मशीन होते आणि त्याचा स्वभाव ओळखणारा एकच मिस्त्री. व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. तिच्यातली स्वेच्छा कोणाची होती, ते सोडा. मिस्त्री घरी गेला आणि दोन महिन्यांत मशीन बंद पडले. आठ महिने त्यावर ताडपत्री होती. मग त्यालाच रोजंदारीवर बोलावणे आले. तो मानी माणूस, मला म्हणाला, "साहेब, जाऊ का नको?" आम्ही वाटाघाटीत एवढेच मागितले, की रोज वाजवी द्यावा आणि त्याच्या शेजारी वर्षभर दोन शिकाऊ मुले उभी करावीत. रोजावर खूप घासाघीस झाली. मुलांचे कलम मात्र साहेबांनी न वाचताच मान्य केले. त्यांच्या दृष्टीने ते बिनमहत्त्वाचे होते. आज ते मशीन ती दोन मुले चालवितात.

परंतु नुसते कसब असून भागत नाही. नाही म्हणण्याचा अधिकारही हवा. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात महायुद्धकालीन बी-१७ जातीचे विमान हौशी उतारूंना घेऊन निघाले, इंजिन बिघडल्याने परत फिरले आणि उतरताना कोसळून ७ माणसे ठार झाली. चौकशीत इंजिनांच्या देखभालीतले दोष निघाले. ठिणगी देणाऱ्या एका मॅग्नेटोला तर तारेने बांधून वेळ मारून नेलेली होती. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की विमान चालविणारा आणि देखभालीची जबाबदारी असणारा माणूस एकच होता. तो अनुभवी होता, आणि या अपघातात तोही गेला. त्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण बाहेर उतारू खोळंबले आहेत, पैसे घेतलेले आहेत, अशा वेळी स्वतःच स्वतःला 'आज नाही' असे सांगणे किती जणांना जमेल? कारखान्यात उत्पादन पाहणाऱ्यानेच सुरक्षेची सही करू नये, यासाठी आम्ही वर्षानुवर्षे का भांडतो, हे यावरून समजावे.

आता त्या गवताच्या काड्यांकडे परत येतो. संध्याकाळ झाली, सावल्या लांबल्या, निम्मे लोक सतरंज्या गुंडाळून निघून गेले. वारा पडल्यासारखा वाटला. तोच म्हातारा पुन्हा मैदानात आला; या खेपेस त्याच्यामागे डगला घातलेली एक विशीतली मुलगी होती. त्याने काड्या खुडल्या आणि तिच्या हातात दिल्या. तिने हात उंच करून त्या सोडल्या. काड्या तिच्या बुटांवर पडल्या. तिने म्हाताऱ्याकडे पाहिले. तो मुद्दाम दुसरीकडे पाहत होता. मग तिनेच वैमानिकाला हात केला.

ब्लेरिओ फटफट करीत निघाले, पुरुषभर उंच झाले, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले आणि उतरले. एवढेच. अर्धे मिनिटही लागले नसेल. ते ढकलीत शेडमध्ये नेले, तेव्हा ती मुलगी इंजिनाखाली वाकून फडक्याने तेल पुसत होती, आणि म्हातारा शेजारी उभा राहून कुठे पुसायचे राहिले ते बोटाने दाखवीत होता.