जो पकडला गेला नाही, त्याचा पुरावा

आमच्या मुरुडच्या घरात माळवदाच्या खोलीतल्या कोनाड्यात एक कापडी पिशवी कितीतरी वर्षे लटकत होती. तिच्यात अर्जांच्या नकला, पोस्टाच्या पोचपावत्या, स्टॅम्पपेपरवरची प्रतिज्ञापत्रे आणि 'आपला अर्ज अपूर्ण असल्याने परत पाठविण्यात येत आहे' अशी छापील पत्रे होती. ही पिशवी बापूंची. बापू म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. सरकारला तेवढे ठाऊक नव्हते.

पिशवीतली बहुतेक अक्षरे माझ्या हातची आहेत. मला लातूरला शिक्षकाची नोकरी लागली आणि 'घरात एक लिहिणारा झाला' म्हणून बापूंचे कागद माझ्याकडे आले. साल होते १९८९. बापू तेव्हा साठी ओलांडलेले, दोन एकर कोरडवाहू जमीन, गुडघे गेलेले. पेन्शन मिळाली असती तर म्हातारपण सुखाचे गेले असते, एवढाच माझा हिशेब होता.

तरुण वाचकांसाठी थोडे मागे जायला हवे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तो आमचा नव्हे. मुरुड तेव्हा निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. पश्चिमेला बार्शी, म्हणजे सोलापूर जिल्हा, तिथे तिरंगा फडकत होता. मधे होती सरहद्द आणि निजामाचे करोडगिरी नाके. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा तर लातूरचाच वकील. त्याच्या माणसांच्या भीतीने गावेच्या गावे सरहद्दीपलीकडे गेली आणि तिथेच सरहद्दीवरचे कॅम्प उभे राहिले. नाके जाळायचे, शिंदीची झाडे तोडून निजामाचा महसूल बुडवायचा, पोलीस ठाण्यांवर छापे घालायचे, आतल्या बातम्या बाहेर पोचवायच्या, हे कॅम्पांचे काम. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

बापू त्या वेळी एकोणीस-वीस वर्षांचे. मिरज-लातूर छोट्या गाडीवर मुरुडचे स्टेशन. गाडी बार्शीकडे जाई आणि बापू तिच्यातून चिठ्ठ्या नेत. नाक्यावर झडती कडक झाली की पायी, ओढ्याओढ्याने. शिंदी तोडायलाही ते जात. एकदा रझाकारांच्या तावडीत सापडले, चावडीपुढे त्यांना वेताने मारले आणि मेला समजून सोडून दिले. पाठीवरचे वळ मी लहानपणी पाहिलेले आहेत.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, स्वातंत्र्यसैनिकांची निवृत्तिवेतन योजना सुरू केली. महिना दोनशे रुपये, तेही वर्षाचे उत्पन्न पाच हजारांच्या आत असेल तर. १९८० मध्ये ही अट गेली, रक्कम तीनशे झाली आणि योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला. गरजूला मदत नव्हे, तर लढणाऱ्याचा मान, असा त्याचा अर्थ. बदल चांगला होता. पण अर्जातले रकाने वाचले की गाडी अडायची. किमान सहा महिने तुरुंगवास, त्याला तुरुंगाचा दाखला. नाहीतर सहा महिन्यांहून जास्त भूमिगत, पण त्यासाठी वॉरंट, पकडून देण्याचे इनाम किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघालेला हवा. नाहीतर दहा फटक्यांची शिक्षा.

मी अर्ज वाचून दाखवत होतो आणि बापू ओसरीवर सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, "लेकरा, मला पोलिसानं धरलंच न्हाई. धरलं असतं तर चिठ्ठी कशी पोचली असती?"

या एका वाक्यात सगळे प्रकरण आहे. ब्रिटिश मुलखातला सत्याग्रही स्वतःहून तुरुंगात जात होता. तुरुंग भरणे हीच तिथली लढाई. तिथे न्यायालय होते, निकाल होता, तुरुंगाची वही होती. आमच्याकडे शेवटच्या वर्षात कॅम्पावरच्या माणसाने न सापडणे हीच त्याची कामगिरी होती. जो चांगले काम करी, त्याच्या नावाचा कागद तयार होत नसे. रझाकारांचे फटके म्हणाल, तर ते कोण्या न्यायाधीशाने सुनावले नव्हते. दहा होते की वीस, मोजले कोणी? निजामाच्या पोलिसांचे दप्तर उर्दूत, आणि १९४८ नंतर जिल्हे, राज्ये बदलत गेली तसे तेही इकडून तिकडे गेले.

ही अडचण बापूंची एकट्याची नव्हती. मराठवाड्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, दिल्लीच्या वाऱ्या केल्या. सरहद्दीवरच्या कॅम्पात काम करणे हाही स्वातंत्र्यलढाच धरावा आणि कागद नसेल तिथे सोबत लढलेल्यांची साक्ष मानावी, एवढेच त्यांचे मागणे. त्याला यश आले. १९३८-३९ चा आर्य समाजाचा हैदराबाद सत्याग्रह १९८५ मध्ये मान्य झाला. कॅम्पांच्या याद्या तपासून मान्यता मिळत गेली. राज्य सरकारच्या स्वतंत्र योजनेत जिल्ह्याजिल्ह्यांत गौरव समित्या आल्या. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुकुंदलाल भंडारी यांच्या खटल्यात बजावले, की ही योजना सन्मानाची आहे, तेव्हा मुदत टळली म्हणून खऱ्या माणसाचा अर्ज नाकारता येणार नाही. पुढे २००१ मध्ये, गुरदयाल सिंग प्रकरणात, फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा या माणसांकडे मागू नये, असेही त्याच न्यायालयाने सांगितले.

मग बापूंचे का अडले? सोबत्यांच्या साक्षीची सोय झाली, पण साक्षीदार साधा चालत नसे. त्याने स्वतः पुरेसा तुरुंगवास भोगलेला असावा लागे. म्हणजे न सापडलेल्या माणसाला सापडलेला माणूस शोधणे आले. बापूंना ओळखणारे असे दोघे होते. एक १९८४ मध्येच वारले होते. दुसऱ्यांनी आनंदाने सही दिली, पण एक सही कमी पडली. त्यात १९९३ चा भूकंप झाला. किल्लारीकडची माणसे उघड्यावर असताना आमची फाईल कोण हुडकणार? तेव्हा मीही कचेरीत जायचे सोडले, आणि ते योग्यच होते.

दीड-दोन वर्षांनी एक गृहस्थ घरी आले. बोलणे गोड. म्हणाले, दुसरी सही मिळून जाईल. बापूंनी फक्त दोन माणसांसाठी 'हे माझ्याबरोबर कॅम्पावर होते' एवढे लिहून द्यावे. त्यांतला एक मला चांगला माहीत होता. १९४८ साली तो पाळण्यात असणार.

आज कबूल करतो, त्या दिवशी मी बापूंना म्हणालो, "बापू, द्या सही. सगळेच देतात. तुमचं तर खरं आहे ना?"

बापू बराच वेळ बोलले नाहीत. मग त्या गृहस्थांना चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवले आणि परत येऊन मला एवढेच म्हणाले, "माझं खरं हाय, म्हणून तर."

मी रागावलो. पुढे सहा महिने अर्जाचे नाव काढले नाही. १९९९ च्या पावसाळ्यात बापू गेले. दिवसकार्य झाल्यावर महिन्याभरात एक पत्र आले: अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.

त्यांच्या त्या शब्दांचा अर्थ मला उशिरा कळला. बीड जिल्ह्यातली बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे उच्च न्यायालयात गेली, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांचा आयोग बसला, आणि २००५ मध्ये विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. कोणी लढ्याच्या वेळी शाळकरी वयाचाही नव्हता, तर कोणासाठी साक्ष देणारेच संशयास्पद. सवलत खऱ्यांसाठी मागितली होती, तिच्या दारातून खोटे आत शिरले. मग दार आवळले गेले, आणि बाहेर राहिले ते पुन्हा खरेच. ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख होती त्याने कागद उभा केला. बापूंसारख्यांजवळ पाठीवरचे वळ होते. प्रत्येक खोट्या सहीने एका खऱ्या माणसाचा शब्द हलका होत होता. बापूंना हे न्यायालयाच्या आधी कळले होते.

सन्मानाची रक्कम पुढे वाढत गेली. २०२२ मध्ये राज्य सरकारने ती दहा हजारांवरून वीस हजार केली. चांगलेच झाले, पण घेणारे हात तोवर बोटांवर मोजण्याइतके उरले होते. २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. मला वाटत होते, गावोगाव एक साधी यादी व्हावी. तिच्यात पैशाचा संबंध नको, म्हणजे खोटे बोलायचे कारण उरणार नाही. गावाने ग्रामसभेत बसून, आठवणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारून, नावे लिहावीत: चिठ्ठ्या कोणी नेल्या, कोणी लपवले, कोणाचे घर जळाले. हे अजूनही करता येईल, पण फार दिवस नाही.

त्या यादीत बायकांचीही नावे हवीत. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांसारख्या, घोड्यावर बसून लढणाऱ्या बाईंचे नाव निदान आपल्याला ठाऊक आहे. आमच्या घरातले मलाच ठाऊक नव्हते. बापूंच्या मागे त्यांच्या पत्नीला, आमच्या बाईंना, मी एकदा सहज विचारले, की बापू चिठ्ठ्या लपवत कुठे? त्या हसल्या. म्हणाल्या, "ते कशाला लपवतेत? भाकरीच्या चवडीत मी घालून देत व्हते. स्टेशनापत्तोर टोपलं माझ्याच डोक्यावर असायचं."

दहा वर्षे मी त्या घराचे अर्ज लिहिले आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. अर्जात तसा रकाना नव्हता, हे खरे. पण मीही कधी विचारले नव्हते. त्या रात्री कोनाड्यातली पिशवी काढली, शेवटच्या अर्जाच्या पाठीमागे बाईंचे नाव लिहिले, त्यांनी सांगितले ते जसेच्या तसे उतरवले आणि खाली माझी सही केली. अशी सही केली तर बापू रागावणार नाहीत, एवढे आता मला कळत होते.