नर्सिंग असिस्टंट: काय करायचे आणि काय नाही

दीर्घकालीन शुश्रूषा म्हणजे आजार बरा करून माणसाला घरी पाठवण्यासाठी केलेले उपचार नव्हेत. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, मोडलेला खुबा किंवा नुसते वार्धक्य यांमुळे ज्याला स्वतःचे स्वतः करता येत नाही, त्याला महिनोन्‌महिने, बहुधा अखेरपर्यंत लागणारी रोजची मदत म्हणजे ही शुश्रूषा. अमेरिकेत ती ज्या संस्थांत मिळते त्यांना नर्सिंग होम म्हणतात. आपल्याकडे त्याच नावाने चालणारे डॉक्टरांचे छोटे रुग्णालय ते वेगळे. तिथे राहणाऱ्याला पेशंट न म्हणता रहिवासी म्हणतात, कारण ते त्याचे घर असते. डॉक्टरने पहिले 90 दिवस महिन्यातून एकदा आणि पुढे 60 दिवसांतून एकदा तरी त्याला तपासावे, असा नियम आहे. औषधे, जखमा आणि कागदपत्रे नर्सच्या ताब्यात असतात. अंघोळ, कपडे, जेवण, शौच, उठणे-बसणे हे सगळे मात्र सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटकडे, म्हणजे सीएनएकडे असते. या कामात बहुतांश स्त्रियाच आहेत.

1980च्या दशकापर्यंत या संस्थांतल्या हेळसांडीच्या तक्रारी फार वाढल्या होत्या. 1986 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्यांवर अहवाल दिला आणि 1987 मध्ये संसदेने कायदा केला. सरकारी आरोग्यविम्याचे, म्हणजे मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या संस्थेत काम करायचे तर किमान 75 तासांचे प्रशिक्षण आणि लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा सक्तीची झाली. त्यानंतर दरवर्षी किमान 12 तासांची उजळणीही ठरली. प्रत्येक राज्याने सीएनएंची नोंदवही ठेवायची आणि मारहाण, दुर्लक्ष किंवा चोरी सिद्ध झाली तर ती त्या नावापुढे लिहायची. सलग 24 महिने पगारी काम केले नाही तर प्रशिक्षण किंवा परीक्षा पुन्हा द्यावी लागते. एवढ्या जबाबदारीला 75 तास थोडेच. कॅलिफोर्नियासारखी राज्ये 160 तास मागतात. पण त्या 75 तासांची मांडणी पाहण्यासारखी आहे. रहिवाशाच्या अंगाला हात लावण्याआधीचे पहिले 16 तास संवाद, संसर्गापासून बचाव, घशात घास अडकल्यासारखे अचानक प्रसंग, रहिवाशाचे स्वावलंबन आणि त्याचे हक्क यांसाठी राखलेले आहेत. अंघोळ कशी घालायची हे त्यानंतर.

माणूस किती परावलंबी झाला आहे हे मोजण्याची जुनी आणि आजही वापरातली पट्टी अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडली. अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे अशा सहा क्रिया त्यात आहेत. बहुधा अंघोळ आधी सुटते आणि हाताने घास घेणे सर्वांत शेवटी. सीएनएचे काम या सहा क्रियांच्या आसपास फिरते. त्यातली कुठली तिने करायची आणि कुठली रहिवाशाला करू द्यायची, हे त्याच्या केअर प्लॅनमध्ये लिहिलेले असते. शर्टाची बटणे लावायला आजोबांना दहा मिनिटे लागत असतील तर ती लागू द्यायची. घाईने आपणच लावून टाकली की सकाळची वेळ वाचते, पण काही आठवड्यांत त्यांच्या बोटांची ती सवयही जाते. हाताखाली अनेक रहिवासी असताना असे थांबणे सोपे नसते आणि बहुतेक संस्थांत माघार इथेच घेतली जाते.

कपडे घालण्यातही रीत आहे. डावी बाजू लुळी पडली असेल तर शर्टाची बाही आधी डाव्या हातात घालायची, मग पाठीमागून आणून उजव्या हातात. काढताना उलट, आधी उजवा हात मोकळा करायचा. चांगला हात हवा तसा वळतो, लुळा वळत नाही. ओढला तर खांदा निखळतो. माणसाला उठवण्याचीही अशीच शिस्त आहे. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, रहिवाशाच्या पायांत न घसरणारी पादत्राणे घालायची, कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा आणि आपले गुडघे वाकवून जोर पायांवर घ्यायचा. काखेत हात घालून ओढायचे नाही. त्यात रहिवाशाच्या खांद्याला इजा होते आणि असिस्टंटची कंबर धरते.

सर्वांत चिवट शत्रू म्हणजे शय्याव्रण, बेडसोअर. शरीराचा भार एकाच जागी पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि मांस आतून मरू लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा. म्हणून जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवतात. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन 30 अंशांत कलते ठेवायचे, गुडघ्यांमध्ये एक उशी द्यायची, पोटऱ्यांखाली एक देऊन टाचा अधांतरी राहू द्यायच्या, आणि वळवताना अंग चादरीवर घासू न देता उचलायचे. लाल झालेली जागा बोटाने दाबून पाहिली आणि लाली गेली नाही, तर व्रणाची सुरुवात झाली असे धरून नर्सला लगेच कळवायचे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेव्हा हाताला लागणारी ऊब किंवा कडकपणा पाहायचा. तिथे तेल लावून चोळण्याचा मोह टाळायचा. चोळल्याने आतले मांस आणखी दुखावते. भोकाच्या गोल उशीनेही फायदा होत नाही, कारण भोवतालचा रक्तपुरवठाच आवळला जातो.

भरवण्याचे काम सोपे वाटते, पण ठसका जिवावर बेतू शकतो. रहिवाशाला ताठ बसवायचे, स्वतः त्याच्या समोर बसायचे, लहान घास द्यायचा आणि आधीचा गिळला गेल्याची खात्री करून पुढचा. जेवणानंतर अर्धा तास तरी त्याला आडवे करायचे नाही. पक्षाघातात अन्न लुळ्या बाजूच्या गालात साठून राहते, तेही पाहायचे. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना पाणीसुद्धा घट्ट करून देतात; कुणी कितीही विनवले तरी साधे पाणी परस्पर द्यायचे नाही.

संसर्गाबाबतचे नियम थोडक्यात सांगता येतात. प्रत्येक रहिवाशाआधी आणि नंतर हात धुवायचे, हातमोजे घातले म्हणून धुणे टाळायचे नाही. स्त्रियांची गुप्तांगे पुढून मागे पुसायची. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही.

सीएनएने काय करायचे नाही, याबाबत कायदा काटेकोर आहे. औषध द्यायचे नाही. काही राज्यांत वेगळे प्रशिक्षण घेतलेल्यांना तेवढी सूट आहे. कॅथेटर घालणे, नळीतून अन्न देणे, डॉक्टरांच्या तोंडी सूचना फोनवर घेणे ही कामे नर्सची. निदान सांगणे किंवा तपासणीचा निकाल नातेवाइकांना कळवणेही सीएनएच्या कक्षेत नाही. रहिवाशाच्या मुलीने दारात गाठून ‘आईला काय झालंय?’ असे विचारले तरी तिला नर्सकडे पाठवायचे.

मात्र नर्स आणि डॉक्टरांना जे कळते त्यातले बरेच सीएनएच्या डोळ्यांतून कळते, कारण उघडे अंग रोज तीच पाहते. म्हणून पाहणे आणि कळवणे ही तिची खरी जबाबदारी, बाकीची कामे त्या निमित्ताने होतात असे म्हटले तरी चालेल. कळवताना अंदाज नको, दिसले तेवढे सांगायचे. ‘आजींना बरे नाही’ याचा उपयोग नाही. ‘सकाळपासून लघवी दोनदाच, गडद आणि वासाची, नाश्ता अर्धा टाकला, मुलाचे नाव चुकले’ यावरून नर्सला हालचाल करता येते. कालपर्यंत नीट बोलणारी वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली तर त्यामागे अनेकदा मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध असते. वय झाले म्हणून सोडून दिले तर ते सापडत नाही.

हक्कांचा भाग रोजच्या बारीकसारीक गोष्टींत येतो. दार वाजवून आत जायचे, अंघोळ घालताना जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवायचा, अंघोळीला नाही म्हणाले तर जबरदस्ती न करता थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून खुर्चीला बांधून ठेवायला 1987च्या कायद्याने मनाई केली. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईंनी गेलेल्या नवऱ्याची चौकशी केली तर त्यांच्याशी वाद घालायचा नाही. नवऱ्याबद्दल बोलते करायचे आणि हळूच दुसऱ्या कामाकडे वळवायचे.

महाराष्ट्रात हेच काम बहुतेक ब्युरोमार्फत 12 किंवा 24 तासांच्या ड्यूटीवर येणाऱ्या मावशी आणि मामा करतात. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कौशल्य अभ्यासक्रम उपलब्ध आहे, पण घरी येणाऱ्याने तो केलेलाच असावा अशी सक्ती नाही आणि नर्सप्रमाणे नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीही नाही. परिणामी इन्सुलिन टोचण्यापासून नाकातल्या नळीने (राइल्स ट्यूबने) फीड देण्यापर्यंत सगळे त्यांच्यावर सोपवले जाते, आणि नोंद ठेवायला वही मात्र दिली जात नाही. त्या वहीत वेळ, खाणेपिणे, लघवी-शौच, कूस केव्हा बदलली आणि त्वचेवर काय दिसले एवढे रकाने पुरतात. कुठली कामे नर्सला बोलावून करून घ्यायची, हे पहिल्याच पानावर डॉक्टरांकडून लिहून घेता येते.