ट्रॅपिस्ट-१ : कुंभ राशीतले सात ग्रह

कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, ट्रॅपिस्ट-१ हा लालसर, मंद तारा आहे. ऑक्टोबरच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास तो अहिल्यानगरच्या आकाशात दक्षिणेला, क्षितिजापासून जवळपास ६६ अंश उंच असतो. डोळ्यांनाच काय, हौशी निरीक्षकाच्या साध्या दुर्बिणीलाही तो दिसत नाही. त्याचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ९ टक्के, व्यास गुरूपेक्षा थोडासाच मोठा. या खुज्या ताऱ्याभोवती साधारण पृथ्वीच्या आकाराचे सात खडकाळ ग्रह फिरतात आणि पृथ्वीवरून पाहता सातही त्याच्यासमोरून जातात.

महाराष्ट्रातल्या अनेकांनी ६ जून २०१२च्या सकाळी शुक्राचे अधिक्रमण पाहिले. सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका तेव्हा स्पष्ट दिसला. दूरच्या ताऱ्यावरचा ठिपका दिसत नाही. ताऱ्याचा प्रकाश काही काळ किंचित उतरला, एवढेच कळते. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर दूरच्या निरीक्षकाला ही घट एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी भासेल. ट्रॅपिस्ट-१ मुळात लहान असल्याने पृथ्वीएवढा ग्रह त्याचा अर्ध्या टक्क्याहून अधिक प्रकाश अडवतो. म्हणूनच बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या मिशेल गियाँ यांनी मुद्दाम असे खुजे तारे निवडले आणि चिलीतील ला सिला येथील केवळ ६० सेंटिमीटरच्या ट्रॅपिस्ट दुर्बिणीने त्यांच्यावर पाळत ठेवली.

चिलीत दिवस उजाडला की पाळत तुटते, आणि ग्रह नेमका तेव्हाच समोरून जाऊ शकतो. वेगळ्या रेखांशावरच्या दुर्बिणी म्हणूनच लागतात. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. ती बंगळूरुजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. मे २०१६मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या शोधात तिची निरीक्षणे होती आणि संस्थेचे डी. के. साहू सहलेखक होते. या शोधातला भारताचा हा वाटा मराठी वाचकापर्यंत फारसा पोहोचलेला नाही, तो पोहोचायला हवा.

तेव्हा तीनच ग्रह मोजले गेले होते आणि तिसऱ्याचा परिभ्रमणकाळ जुळत नव्हता. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने जवळजवळ वीस दिवस सलग पाहिल्यावर उलगडा झाला : त्या तिसऱ्याच्या खात्यावर मांडलेली अधिक्रमणे वेगवेगळ्या ग्रहांची होती. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सात ग्रह जाहीर झाले.

ताऱ्यालगतचा ‘बी’ दीड दिवसात फेरी पूर्ण करतो, सर्वांत बाहेरचा ‘एच’ पावणेएकोणीस दिवसांत. सातही कक्षा बुधाच्या कक्षेत सहज मावतात. ‘बी’च्या चोवीस फेऱ्या होतात तेवढ्या वेळात इतरांच्या क्रमाने जवळपास पंधरा, नऊ, सहा, चार, तीन आणि दोन होतात. याच प्रमाणावरून ‘एच’चा काळ आधी गणिताने वर्तवला गेला आणि केप्लर दुर्बिणीच्या नोंदींत तो तंतोतंत सापडला. एकमेकांच्या ओढीने ग्रह काही मिनिटे लवकर किंवा उशिरा समोर येतात. त्या फरकावरून त्यांची वस्तुमाने निघाली. सातही ग्रहांची घनता पृथ्वीपेक्षा थोडी कमी भरली.

‘ई’, ‘एफ’ आणि ‘जी’ हे पृष्ठभागावर द्रवरूप पाणी टिकू शकेल अशा अंतरावर आहेत. मात्र त्यासाठी वातावरण हवे, आणि खुजे तारे वारंवार भडकून वातावरण उडवून लावू शकतात. २०२३मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने ‘बी’चा दिवसाकडचा भाग सुमारे २३० अंश सेल्सिअस तापलेला मोजला, म्हणजे तिथे उष्णता वाहून नेणारे दाट वातावरण नाही. ‘सी’वरही कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण आढळले नाही. ‘ई’चा निकाल अजून लागायचा आहे. ताऱ्यावरच्या डागांमुळे त्याची मोजमापे गढूळ होतात. त्यावर तोडगा म्हणून ‘बी’ आणि ‘ई’ लागोपाठ समोरून जातात त्या वेळा निवडल्या जात आहेत : दाट वातावरण नसलेल्या ‘बी’च्या नोंदीवरून डागांचा परिणाम ओळखायचा आणि तो ‘ई’च्या नोंदीतून वजा करायचा.