वारा कुठे चाललाय?

अणुवीज केंद्रातून किरणोत्सर्ग सुटला तर कोणतं गाव आधी हलवायचं, हे वाऱ्यावर ठरतं. फुकुशिमात १५ मार्च २०११ला तो वायव्येकडे वळला, वर पाऊस-बर्फ. बहुतांश ३० किलोमीटरबाहेरचं इटाते गाव सापडलं!

म्हणून वाऱ्याची यंत्रं अचूक हवीत. अमेरिकी नियामकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ती मनोऱ्यावर १० आणि ६० मीटरवर बसतात, कॅलिब्रेशन निदान सहा महिन्यांनी. दोन उंचींवरच्या तापमानातल्या फरकावरून हवा किती पांगवेल ते कळतं. त्यात चूक चालते फक्त ०.१ अंश. मग दोन्ही सेन्सर एकाच पाण्यात बुडवायचे, आकडा सारखाच यायला हवा.

वाट्यांचा वेगमापक मात्र लबाड. बेअरिंग झिजलं की जोराच्या वाऱ्यात ठीक फिरतो, मंद वाऱ्यात ठप्प. आणि पांगापांग सगळ्यात कमी होते ती मंद वाऱ्यातच.