चराच्या तळाशी उभा असलेला माणूस

शहराला पाणी येते ते जमिनीखालून आणि सांडपाणी जाते तेही जमिनीखालूनच. वीज, टेलिफोन आणि गॅसच्या वाहिन्याही आता रस्त्याच्या पोटात असतात. या साऱ्यांसाठी आधी चर खणावा लागतो आणि त्या चरात कोणाला तरी उतरावे लागते. उतरणारा कोण, याचा विचार करून कायदा झाला पाहिजे असे फार थोड्यांना वाटते. चर खणण्याचा ठेका घेणाऱ्याचे म्हणणे मात्र सरकारदरबारी पोचते.

ठेकेदारांच्या मागण्या खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. बिले वेळेवर मिळावीत, साहित्याचे भाव वाढले की दर वाढवून मिळावा, सुरक्षा ठेव अडकून पडू नये, रस्ता खोदण्याची परवानगी एकाच खिडकीवर मिळावी, अशा त्या मागण्या आहेत. २०२५ साली पाणीपुरवठ्याच्या कामांची बिले थकली तेव्हा महाराष्ट्रातील ठेकेदारांच्या संघटनांनी आंदोलने केली. बिल थकले की मजुरीही थकते, हेही खरे. परंतु या यादीत चराच्या तळाशी असलेल्या माणसाचे कलम नाही. ते आपणच घातले पाहिजे.

प्रथम मातीचा स्वभाव समजून घेऊ. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. चराची बाजू ढासळली आणि माणूस छातीपर्यंत गाडला गेला, तर डोके बाहेर असूनही तो गुदमरतो. कारण श्वासासाठी छाती फुगवायला मातीचा दाब जागाच ठेवत नाही. म्हणून याचे नियम फार पूर्वीच झाले आहेत. दीड मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू उतरत्या कापाव्यात, नाहीतर फळ्या आणि टेकू देऊन धराव्यात. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर दूर टाकावी. चढउतारासाठी शिडी असावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा संहितेत हे छापलेले आहे आणि ही संहिता ठेक्याच्या कागदपत्रांना जोडलेली असते. तेव्हा नियम नाहीत म्हणून माणसे गाडली जातात असे नव्हे.

मग का गाडली जातात? मी काही वर्षे एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मोजमाप वही लिहिली आहे. चराची लांबी, रुंदी, खोली, त्याचे घनमीटर आणि त्यावर दर, अशी ती वही. दीड मीटरच्या खाली गेले की दर वाढे, कारण माती अधिक उंच उचलावी लागते. परंतु फळ्या-टेकूंचा रकाना मी लिहिलेल्या वह्यांत नव्हता. खोदाईच्या वर्णनात 'समाविष्ट' एवढा एक शब्द असे. समाविष्ट याचा व्यवहारातला अर्थ असा की टेकू दिले तरी पैसे तेवढेच आणि न दिले तरी तेवढेच! काम मिळते सर्वांत कमी दर भरणाऱ्याला. पाइप कमी घालता येत नाही, कारण तो मोजला जातो. न मोजली जाणारी वस्तू म्हणजे फळी, शिडी आणि माणसाचा जीव. सात फूट चरात मजूर काठावरून उडी मारून उतरत आणि एकमेकांचा हात धरून वर येत. त्या दिवसाचे बिल मात्र पूर्ण निघे. हा प्रश्न एखाद्या ठेकेदाराच्या दुष्टपणापुरता नाही. हिशेबाची रचनाच तशी आहे.

आता कायद्याकडे वळू. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा वीस कामगारांची होती. महाराष्ट्राने ती पन्नासवर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही कंत्राटी कामगारांसाठी पन्नासचाच आकडा आहे. इकडे चरावरची टोळी असते आठ-दहा जणांची. वर मोठा ठेकेदार, त्याखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम आणि शेवटी टोळी. या उतरंडीत मजूर असे वाटले जातात की कोणाच्याच नावावर पन्नास माणसे दिसत नाहीत. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने जलवाहिन्या, गटारे, वीज व टेलिफोनच्या तारा यांची नावे घेऊन ही कामे बांधकामात धरली होती. परंतु नोंदणीसाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागे, आणि आज या नाक्यावर तर उद्या त्या नाक्यावर उभा राहणारा मजूर तो कोणाकडून आणणार?

टोळीत कोण असते हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मातीवडार, बेलदार, बंजारा, दुष्काळी तालुक्यांतून नाक्यावर आलेले बौद्ध आणि मातंग. जेसीबी आला तेव्हा यंत्राच्या खुर्चीवर एक माणूस बसला. तळ साफ करायला आणि पाइपाचा सांधा बसवायला हेच खाली राहिले. गटाराच्या बाबतीत तर सरकारचेच आकडे बोलतात. २०२४ साली केंद्राने संसदेत सांगितले की नोंदल्या गेलेल्या गटार व सेप्टिक टाकी कामगारांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक अनुसूचित जातींचे आहेत.

नवी गटारवाहिनी जुन्या वाहत्या वाहिनीला जोडताना बांधकाम मजुराला विषारी वायूच्या मॅनहोलमध्ये उतरावे लागते. येथे दोन कायद्यांच्या मधली फट दिसते. २०१३ चा कायदा, जो ६ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आला, 'धोकादायक सफाई'ला बंदी करतो. पण त्याच्या व्याख्येत साधने न पुरवता करवून घेतलेली सफाईच बसते. जोडणी करताना मेला तर ती सफाई नव्हे, असे म्हणायला वाव राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारमृत्यूची भरपाई १० लाख ठरवली आणि २०२३ साली ती ३० लाखांवर नेली. ही भरपाई मेल्यानंतरची आहे. आपल्याला कायदा हवा आहे तो मरण्यापूर्वीचा.

२२ मार्च २०२३ रोजी केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदण्याआधी जमिनीखालील तारेच्या आणि नळाच्या मालकाला कळवता यावे यासाठी ते आहे. सोय चांगलीच आहे. पण तारेसाठी आधी कळवायचे, मग उतरणाऱ्या माणसासाठी आधी कोणाला कळवायचे?

कामगारविषयक कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणून राज्यालाही तो करता येतो. निविदेच्या अटी तर राज्य स्वतःच ठरवते. त्यामुळे अग्रक्रम असा लावावा: चर आणि मॅनहोलच्या कामाला माणसांच्या संख्येची मर्यादा नसावी, पहिल्या मजुरापासून नोंद व्हावी. टेकू, शिडी आणि वायू-तपासणी यांची बिलात स्वतंत्र बाब असावी, तिचे मोजमाप व्हावे आणि त्यावर अभियंत्याची सही असावी. टेकू नाही तर त्या दिवसाच्या खोदाईचे पैसेही नाहीत. तिसरे, १९६९ च्या माथाडी कायद्याचा धडा गिरवावा. माथाडी मंडळात कामगाराची नोंद मंडळाकडे होते, मालक मजुरी आणि लेव्ही मंडळात भरतो. खोदाई मजुरांचे असे मंडळ झाले तर मुकादमाच्या खिशातली हजेरी मजुराच्या हाती येईल.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज, पाटबंधारे आणि सार्वजनिक बांधकाम हे विषयही त्यांच्याच खात्यात होते. बांधणारे खाते आणि मजुराचे खाते तेव्हा एकाच टेबलावर होते. आज ते वेगळे आहेत, आणि एकाने मोजलेल्या चरात दुसऱ्याचा माणूस मरतो. पुढच्या अधिवेशनात ठेकेदारांचे निवेदन येईल तेव्हा आपलेही निवेदन गेले पाहिजे, आणि त्याचे पहिले कलम फळी आणि टेकू हेच असले पाहिजे.