घोडा आणि सायकल यांची सामाईक वनवाट : हक्क, झीज व देखभाल

अरण्यातील एकाच वाटेवरून घोडेस्वार आणि सायकलस्वार यांना जाऊ द्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः कायदा, मृदाशास्त्र आणि प्राणिस्वभाव या तिन्ही विषयांशी त्याचा निकटचा संबंध आहे. इंग्लंड व वेल्स येथील वहिवाटीच्या आधारे त्याचा थोडक्यात विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पादचारी व घोडेस्वार यांना जाण्याचा हक्क असलेल्या वाटेस तेथे ‘ब्रायडलवे’ म्हणतात. आपण तिला अश्वमार्ग म्हणू. १९६८ च्या ‘कंट्रीसाइड अ‍ॅक्ट’च्या ३० व्या कलमाने या वाटेवरून सायकल नेण्याचाही हक्क दिला. मात्र सायकलस्वाराने पादचारी व घोडेस्वार यांना आधी वाट दिली पाहिजे, अशी अट त्यास जोडली. शिवाय, सायकलींच्या सोयीसाठी काही करण्याचे बंधन या कलमामुळे उत्पन्न होत नाही, असेही त्यातच स्पष्ट केले. जाड व दातेरी टायरांची डोंगरी सायकल कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात आकारास आली ती त्यानंतर, १९७० च्या दशकात. अशा रीतीने हक्क आधी मिळाला, त्याचा भरधाव उपयोग करणारे वाहन मागाहून आले आणि देखभालीचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

वाट अधिक कोण बिघडवितो, हा या वादातील नेहमीचा मुद्दा होय. अमेरिकेतील मॉन्टॅना राज्यात विल्सन आणि सेनी यांनी डोंगरवाटांवर कृत्रिम पाऊस पाडून याची परीक्षा केली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी भिजविलेल्या वाटांवर चाकांपेक्षा पावलांनी व खुरांनी अधिक माती सुटी केली आणि त्यांतही घोड्याचा वाटा सर्वांत मोठा होता, असे त्यांना आढळले. वाहून जाणारी माती बहुतेक ठिकाणी पाण्याच्या वहनशक्तीवर नव्हे, तर मुळात किती माती सुटी झाली आहे यावर अवलंबून होती, हा त्यांचा निष्कर्षही महत्त्वाचा आहे.

तथापि यावरून सायकल निर्दोष ठरत नाही. घोड्याचा भार चार लहान खुरांवर पडतो. त्यामुळे ओल्या जमिनीत सुटे खळगे पडतात व माती उकरली जाते. उलट, चाकाची खूण अखंड असते. ब्रेक दाबून घसरविलेले चाक तर उतारावर सरळ चर पाडते आणि पाण्यास आयती वाट मिळते. खूर माती सुटी करतो, चर ती वाहून नेण्यास साहाय्य करतो. म्हणून दोष कोणाचा, यापेक्षा पाणी वाटेवरून केव्हा व कोठे बाहेर पडते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

याचे उत्तर वाटेच्या आखणीत आहे. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा रूढ ठोकताळा आहे. म्हणजे डोंगराचा उतार १६ टक्के असल्यास वाटेचा चढ ८ टक्क्यांच्या आत ठेवावा. वाटेस बाहेरच्या कडेकडे सुमारे ५ टक्के कल द्यावा आणि अधूनमधून उतार मोडून किंचित चढ ठेवावा, म्हणजे पाणी साचण्यापूर्वीच बाजूस उतरते. परंतु वापराने वाटेचा मध्य खचतो व बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा तयार होतो. तो फावड्याने वेळोवेळी काढून टाकणे व निचऱ्याच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा उपसणे, हेच देखभालीचे मुख्य काम होय. झाडांच्या सावलीत वाट उशिरा वाळते. चिखल टाळण्यासाठी प्रत्येकजण कडेने जाऊ लागला, की ती रुंदावत जाते. म्हणून वाट भिजलेली असताना तिचा वापर टाळणे, हाही देखभालीचाच भाग मानावा.

आखणीचा दुसरा हेतू सुरक्षितता हा आहे. घोडा हा मूलतः भक्ष्य प्राणी. संकटाची शंका येताच पळणे ही त्याची सहजप्रवृत्ती. त्याची दृष्टी विस्तृत असली तरी थेट पाठीमागचे त्यास दिसत नाही, आणि सायकल तर जवळजवळ निःशब्द येते. यास्तव वळणांवर दूरवर दिसेल अशी मोकळीक हवी आणि सायकलीचा वेग आपोआप कमी होईल अशी वळणे हवीत. सायकलस्वाराने दुरूनच बोलून आपली चाहूल द्यावी. माणसाचा आवाज घोड्याच्या ओळखीचा असतो. गरज पडल्यास सायकलीवरून उतरून, उताराच्या खालच्या अंगास उभे राहावे आणि स्वाराने सांगितल्यावरच पुढे जावे.

सारांश, १९६८ च्या कायद्याने वाटेवरील अग्रक्रम ठरविला. परंतु वाट टिकविण्याची जबाबदारी नव्या वापरकर्त्यांशी जोडली नाही. अग्रक्रमाने दोन स्वारांतील तंटा मिटेल. पाण्याने खणलेली घळ त्याने बुजत नाही. सामाईक हक्कास सामाईक श्रमाची जोड नसेल, तर वाटेबरोबर तो हक्कही झिजत जातो.