'प्रूव्ह' की 'सजेस्ट'? इंग्रजीत सावध निष्कर्ष कसा लिहावा



मुलांच्या इंग्रजी प्रकल्पवहीतलं शेवटचं पान उघडून बघा. निष्कर्षात बहुतेक वेळा एकच क्रियापद सापडेल: 'प्रूव्ह'.

एक साधा प्रयोग घ्या. दोन वाट्यांत मूग पेरले. एक वाटी खिडकीत, दुसरी बंद कपाटात. आठवड्याने कपाटातली रोपं जास्त उंच दिसतात. मूल लिहितं, 'दिस प्रूव्ह्ज दॅट प्लांट्स डू नॉट नीड लाइट.' खरं तर ती रोपं पिवळट आणि लुकडी असतात. बियांत साठलेल्या अन्नावर ती उजेडाच्या शोधात लांब वाढतात आणि ते अन्न संपलं की कोमेजतात. म्हणजे निरीक्षण बरोबर, पण क्रियापद झेपेल त्यापेक्षा मोठं!

या क्रियापदांची एक उतरंड मुलांना फळ्यावर काढून द्या.

प्रूव्ह – शंकेला जागा नाही. भूमितीतल्या प्रमेयाला शोभतं.
शो – पुरावा भक्कम आहे.
इंडिकेट – पुरावा त्या दिशेने बोट दाखवतो.
सजेस्ट – तसं असावं असं दिसतं. दुसरं कारणही असू शकतं.

मराठीत हा सावधपणा आपण सहज दाखवतो. 'रस्ता ओला आहे, पाऊस पडून गेला असावा.' इथे सगळं काम 'असावा' करतो. किंवा म्हणतो, 'निकालांवरून असं दिसतं की...' इंग्रजीत मात्र निकाल स्वतःच कर्ता होतो: 'द रिझल्ट्स सजेस्ट दॅट...' निर्जीव वस्तू काही 'सुचवते' ही रचना आपल्या मुलांना परकी वाटते. म्हणून आधी मराठीत 'असावा'चं वाक्य करून घ्या, मग इंग्रजीकडे वळा.

आणखी एक अडचण. 'सजेस्ट'चे दोन अर्थ आहेत. सल्ला देताना 'आय सजेस्ट दॅट ही गो' असं मूळ रूप येतं. निष्कर्ष काढताना मात्र नेहमीचं रूप: 'द ट्रॅक्स सजेस्ट दॅट ही गोज धिस वे.' शिवाय 'सजेस्ट मी' असं लिहू नये. 'सजेस्ट टू मी' असं लिहावं.

सावध लिहिणं म्हणजे घाबरून लिहिणं नव्हे. 25 एप्रिल 1953 च्या 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, तेव्हा पहिल्याच वाक्यात त्यांनी 'सजेस्ट' वापरलं. 1962 मध्ये त्यांना विल्किन्स यांच्यासह नोबेल मिळालं!

उलट टोकही टाळायला हवं. 'मे पॉसिब्ली सजेस्ट' असं तिहेरी कुंपण घातलं की वाक्यात काहीच उरत नाही. एका वाक्यात सावधपणाचा एक शब्द पुरे.

वर्गात किंवा घरी एवढंच करा. मुलाने 'प्रूव्ह' लिहिलं की विचारा, "याला दुसरं काही कारण असू शकेल का?" उत्तर 'हो' आलं, तर क्रियापद बदलायला सांगा. हाच प्रश्न मोबाइलवर येणाऱ्या 'संशोधनाने सिद्ध झाले' अशा संदेशांनाही विचारता येतो. मूळ इंग्रजी बातमीत तिथे पुष्कळदा 'सजेस्ट्स' असतं. भाषांतरात त्याचं 'सिद्ध' होतं. हा फरक ओळखणारं मूल सहजासहजी फसणार नाही.